बाहेरचं कारण

टीराने स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि सगळे तिथेच अडले.

लग्नाची नावे चर्चमध्ये पुकारायची तर आधी पाद्र्यापुढे बसून ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यावी लागत. पहिले लग्न झाले आहे का, दोघे जवळच्या नात्यातले आहेत का, वेडाचा आजार आहे का, फेफरे येते का. कायदाच तसा होता, आणि तोही आजचा नव्हे, टीराच्या आईच्या पणजीच्या आधीपासूनचा. ल्योव्होसेन गावात या शेवटच्या प्रश्नाला खाली मान घालून ‘नाही’ म्हणणारे दोघे-तिघे तरी होऊन गेले होते, आणि त्या त्या वेळच्या पाद्र्यानेही खाली मान घालूनच ते लिहून घेतले होते. टीराने मात्र पाद्री वेनरहोल्मच्या डोळ्यांत बघून सांगितले की येते, म्हणजे यायचे, आता दोन वर्षांत आलेले नाही. पाद्र्याने लेखणी खाली ठेवली.

ही हकिकत टीराच्या आईला, हुल्डाला, एव्हर्तकडून कळली. एव्हर्त म्हणजे टीराचा होणारा नवरा. रेल्वेच्या रुळांवर गँगमन, चाळिशीचा, बायको जाऊन आठ वर्षे झालेला, मोठ्या हातापायांचा आणि बारीक आवाजाचा. तो हुल्डाच्या स्वयंपाकघरात टोपी मांडीवर घेऊन बसला होता. टीरा आल्या आल्या आतल्या खोलीत मागावर जाऊन बसली होती. ती चिंध्यांच्या सतरंज्या विणायची, आणि आज फणीचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येत होता.

"मी टेबलाखालून पाय मारला तिला, मावशी," एव्हर्त म्हणाला. "तिने पाय बाजूला घेतला आणि बोलली."

"तिला पाय मारून काय होणार," हुल्डा म्हणाली. "लहानपणी साखर चोरायची, तर आधी मला येऊन सांगायची आणि मग खायची."

एव्हर्तला हसू आले, पण ते त्याने टोपीत लपवले. मग त्याने पाद्र्याचे बाकीचे बोलणे सांगितले. दोन वाटा होत्या. एक, राजाकडे अर्ज करायचा. राजा परवानगी देतो, पण अलीकडे परवानगीआधी मुलगी इस्पितळात जाऊन एक ऑपरेशन करून घेते, म्हणजे तो आजार पुढे पोटच्या पोरांत जायला नको. पाद्र्याने ‘ऑपरेशन’ हा शब्द खिडकीकडे बघून उच्चारला होता. दुसरी वाट म्हणजे डॉक्टरचा दाखला. आजार आतून, रक्तातून आलेला असेल तरच कायदा आड येतो. डोक्याला मार लागून, बाहेरच्या कारणाने आलेला असेल तर लग्नाला कुणाचीच हरकत नाही.

"मला काय, मी कसाही तयार आहे," एव्हर्त म्हणाला. "पोरं नसली तर नसली. पण ती बोलतच नाही हो."

हुल्डाने त्याच्यापुढे भाजलेल्या बार्लीची कॉफी ठेवली. शेजारच्या देशांत युद्धात माणसे मरत होती आणि इथे नुसता कॉफीचा तुटवडा होता, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हते. ती त्याच्या समोर बसली. वयाच्या बासष्टाव्या वर्षी माणसाला थोडे टेकायला मिळावे, एवढीच तिची अपेक्षा होती. टीराचे एकदा मार्गी लागले की आपण सुटलो, असे तिने गेल्या वर्षभरात मनाशी धरले होते. आता पुन्हा तेच सुरू झाले होते, आणि ते पहिल्यापासून सुरू करायला तिच्या अंगात त्राण उरले नव्हते.

पहिला झटका आला तेव्हा टीरा सहा वर्षांची होती. याच स्वयंपाकघरात, याच चुलीपुढे. हुल्डाची सासू ब्रीता तेव्हा जिवंत होती. तिने पोरीच्या अंगातला सदरा टराटरा फाडून चुलीत घातला, कारण पहिल्या झटक्याच्या वेळचे कपडे जाळले की दुखणे त्याच्याबरोबर जाते. ते गेले नाही. मग चर्चची मोठी लोखंडी किल्ली मुठीत दाबून झाली. नऊ घरांतून मागून आणलेल्या चांदीची अंगठी करून झाली. ब्रीताच्या मावशीला तरुणपणी हेच दुखणे होते, तेव्हा तिला शिरच्छेद बघायला नेले होते. ती हातात लाकडी मग घेऊन पुढच्या रांगेत उभी राहिली आणि मारलेल्या माणसाचे कोमट रक्त प्यायली. त्याने ती बरी झाली नाही, पण ब्रीता ही गोष्ट अशा हळहळीने सांगायची की जणू आता शिरच्छेद होत नाहीत हीच टीराची मोठी अडचण.

नंतर शाळेतून पत्र आले की हिला घरी ठेवा, बघून बघून बाकीची मुलेही तसे करू लागतील. नंतर बारा वर्षे ब्रोमाइडचे खारट पाणी. त्याने झटके कमी झाले, पण पोरीचे तोंड फोडांनी भरले, आणि ती दिवसा बोलता बोलता झोपून जायची. मधे एकदा शहरातल्या फेफरेवाल्यांच्या आश्रमातून कागद आला, की हिला इथे आणून ठेवा. हुल्डाचा नवरा हेल्मर कधी कशात बोलायचा नाही, पण तो कागद त्याने वाचला आणि चुलीत घातला. आता तोही पाच वर्षांपूर्वी गेला होता. शेवटी या पांढऱ्या बारीक गोळ्या आल्या. रोज दोन. त्या गोळ्यांनी मात्र खरोखर गुण आला, आणि तिसाव्या वर्षी टीरा पहिल्यांदा पूर्ण जागी झाली. जागी झाल्या झाल्या तिला एव्हर्त दिसला, यात तिचा काय दोष?

हुल्डाला एक गोष्ट ठाऊक होती, ती एव्हर्तला ठाऊक नव्हती. गावात कुणाच्याही घरी बारसे असले की बाळ या हातातून त्या हातात फिरायचे, आणि टीराजवळ आले की तिला ओलांडून पुढे जायचे. झटका आला आणि हातातून पडले तर, म्हणून. कुणी वाईट बोलायचे नाही, नुसते ओलांडायचे. बत्तीस वर्षांच्या त्या मुलीने आजवर एकही मूल कडेवर घेतले नव्हते. ऑपरेशन म्हणजे हे ओलांडणे कायमचे कागदावर चढवणे. टीरा बोलत नव्हती ती त्यामुळे.

मंगळवारी दोघी जणी जिल्ह्याच्या डॉक्टरकडे गेल्या. डॉक्टर रीदेलियस म्हातारे होते, आणि तेही थकलेले दिसत. त्यांनी टीराचे डोके बोटांनी चाचपले. डाव्या कानामागे हाडात छोटीशी खळगी होती, तिथे ते थांबले.

"हे कशाने झालं?" त्यांनी हुल्डाला विचारले.

"जन्मापासूनच आहे."

"कधी पडली होती? घोड्याची लाथ? काहीही?"

हुल्डाने टीराकडे बघितले. टीरा आईकडे बघत होती, आणि तिच्या नजरेत इतकी आशा होती की हुल्डाला बघवेना. पण खोटे बोलायची सवय नसलेल्या माणसाला खोटे वेळेवर सुचत नाही. ती म्हणाली, नाही, असे काही झालेले आठवत नाही.

डॉक्टरांनी हात धुतले. हात पुसत पुसत ते म्हणाले की कुणी पाहिलेलेच नाही ते त्यांना लिहिता येत नाही. त्यातून हल्ली मेडिकल बोर्डही कडक झाले आहे. गेल्या वर्षी या एका जिल्ह्यात चार मुली लहानपणी गवताच्या माळ्यावरून पडल्या होत्या, चौघींचीही लग्ने ठरलेली. बोर्डाने चारही दाखले परत पाठवले. "माळा आता चालत नाही," ते म्हणाले. "पण बाई, जुन्या गोष्टी कधीकधी उशिरा आठवतात. मी गुरुवारीही असतो."

घरी येताना बस मधेच थांबली. पेट्रोल नव्हते, बस लाकडाच्या धुरावर चालायची आणि चढ आला की दम टाकायची. ड्रायव्हर खाली उतरून भट्टीत लाकडे कोंबत होता. टीरा काचेबाहेर बघत म्हणाली, "माझ्या आतच आहे ते, आई. वरून चांगला दिसणारा बटाटा चिरला की आत काळा निघतो ना, तसं. मला लहानपणापासून माहीत होतं. उगाच एव्हर्तला घोळात घेतलं."

"काहीतरी बोलू नकोस."

"करून टाकते ऑपरेशन. सुटू सगळे."

टीराचे म्हणणे खरे नाही हे हुल्डाला ठाऊक होते. ते टीराच्या आत नव्हते. ते हुल्डाने केले होते.

टीराच्या वेळी पाचवा महिना होता. नोव्हेंबर होता, डुक्कर मारायचे होते, आणि ब्रीताचा हात मोडून गळ्यात बांधलेला. डुकराचे रक्त परातीत धरायचे आणि थंड होईपर्यंत न थांबता ढवळायचे, हे बायकांचे काम. थांबले की रक्ताच्या गाठी होतात आणि मग ते पिठात मळून भाकरी करता येत नाहीत. ब्रीता म्हणाली, तू ढवळ. पोटुशीने कापाकापी बघू नये हे सगळ्या गावाला ठाऊक होते, ब्रीतालाही होते, पण वर्षभराच्या भाकरींचा प्रश्न होता. हुल्डा मान फिरवून ढवळत राहिली. एकदाच तिने वळून बघितले. डुकराचे मागचे पाय झटके देत होते. सहा वर्षांनी टीरा चुलीपुढे पडली, तेव्हा तिचे पाय अगदी तसेच झटके देत होते. सदरा चुलीत टाकून झाल्यावर ब्रीता हुल्डाच्या कानात म्हणाली, "तू बघितलंस ना तेव्हा?" त्यानंतर ती मरेपर्यंत याबद्दल एक अक्षर बोलली नाही. बोलायची गरजच नव्हती.

हे डॉक्टरला सांगून उपयोग नव्हता, तो हसला असता. आणि हसला नसता तरी हे आतलेच कारण झाले असते.

बुधवारभर हुल्डा कामे करत राहिली आणि विचार करत राहिली. पडली म्हणून सांगायचे, तर पडलेल्या मुली बोर्डाला पुरे झाल्या होत्या. कुणी रचून सांगेल असे वाटणारच नाही, असे काहीतरी हवे होते. माणूस दुसऱ्यावर घालायला किंवा स्वतःला वाचवायला खोटे बोलतो. स्वतःच्या अंगावर घ्यायला कोण बोलेल? आणि तसे पाहिले तर स्वतःच्या अंगावर घेणे तिच्या दृष्टीने पूर्ण खोटेही नव्हते. फक्त कारण बदलायचे होते. प्रार्थनाघरातल्या बाकावर चाळीस वर्षे बसलेल्या बाईने इतका हिशेबी विचार करावा याची तिला लाज वाटली, पण लाजेपेक्षा थकवा मोठा होता.

गुरुवारी ती एकटीच गेली. टीराला सांगितले, दात दुखतो आहे.

"मागच्या वेळी मी खोटं बोलले, डॉक्टर," ती म्हणाली. खरे तर त्यांच्यापुढचे हेच तिचे पहिले खोटे.

"माळ्यावरून पडली?" डॉक्टरांनी वर न बघता विचारले.

"नाही. मी मारलं."

त्यांनी वर बघितले.

"सरपणाचं लाकूड होतं हातात. बर्चचं. ती पाच वर्षांची होती, दुधाचं भांडं पाडलं तिने. इथे बसलं." तिने आपल्या डाव्या कानामागे बोट ठेवले. "थोडा वेळ ती उठली नाही. मग उठली. वर्षभराने पहिला झटका आला."

"ती खळगी जन्मापासूनची म्हणालात तुम्ही."

"ती शेजारी बसली होती. तिच्यासमोर कसं सांगू?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि तिच्याकडे बघितले. चष्म्याशिवाय त्यांना तिचे तोंड दिसत तरी होते का, देव जाणे. मग त्यांनी चष्मा घातला आणि लिहायला घेतले. कुठल्या हाताने, किती वेळ बेशुद्ध होती, उलटी झाली का, असे त्यांनी विचारले आणि ती सांगत गेली. एकदा सुरुवात झाल्यावर इतके सोपे जाईल असे तिला वाटले नव्हते. तिला ते लाकूड दिसायलाही लागले. त्याची साल एका बाजूने सुटलेली होती.

लिहून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "हे तुमच्या मुलीला वाचून दाखवावं लागेल. तिची सही लागते खाली."

हे हुल्डाला माहीत नव्हते. तिने धरून चालले होते की कागद डॉक्टरकडून पाद्र्याकडे जाईल आणि पाद्र्याच्या कपाटात पडून राहील. ती उठली होती, ती पुन्हा बसली. बाहेरच्या खोलीत कुणीतरी खोकत होते.

"बाई," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "अजून फाडता येईल."

"नको," हुल्डा म्हणाली. "दाखवा."

दोन दिवसांनी टीरा कागदावर सही करून आली. कोट न काढताच ती स्वयंपाकघरात उभी राहिली. हुल्डा बटाटे सोलत होती, आणि तिने सुरी खाली ठेवली नाही, कारण ठेवली असती तर हात कुठे ठेवायचे हे कळले नसते.

"दुधासाठी?" टीरा म्हणाली.

"हो."

"दुधासाठी, आई?"

हुल्डाच्या अगदी ओठांवर आले होते. असे काही झाले नाही ग, मी कधी तुला चापटसुद्धा मारली नाही, तुला आठवत नाही का? आठवत नव्हतेच, पाच वर्षांच्या पोरीला काय आठवणार? पण खरे सांगितले असते तर ही मुलगी तशीच, कोटासकट, मागे फिरली असती. पाद्र्याकडे जाऊन म्हणाली असती, तो कागद खोटा आहे, परत द्या. साखर खायच्या आधी सांगणारी ती. म्हणून तिला सांगता येत नव्हते, आज नाही आणि पुढेही कधी नाही. पुढेही नाही हे हुल्डाला त्या क्षणी पहिल्यांदा नीट कळले.

"तीन दिवस झोप नव्हती मला," ती म्हणाली. "गाय आजारी होती. तू भांडं पाडलंस. लागून गेलं."

टीराने खुर्ची ओढली आणि ती बसली. तिचे डोळे भरले होते, पण तोंडावर काहीतरी निराळेच होते, आणि ते बघायची हुल्डाची तयारी नव्हती. टीराला हलके वाटत होते.

"म्हणजे माझ्या आत काही नाही," ती म्हणाली. "काहीच नव्हतं. सव्वीस वर्षं मी आरशात बघून घाबरायचे." तिने कोटाच्या बाहीने नाक पुसले. "आणि तू बघत होतीस. मी घाबरायचे, आणि तू बघत होतीस, आणि तुला माहीत होतं."

हुल्डाने बटाटे सोलून पूर्ण केले.

दुसऱ्या दिवशी एव्हर्त हातगाडी घेऊन आला आणि त्याने माग नेला, टीराची पेटी नेली. त्याने टोपी काढली नाही. मावशी हा शब्दही त्याच्या तोंडून आला नाही. तीन रविवार नावे पुकारली गेली आणि कुणीही हरकत घेतली नाही. लग्न पाद्र्याच्या कचेरीत झाले. हुल्डाला बोलावले होते, ती गेली, भिंतीकडच्या खुर्चीवर बसली आणि केक खाऊन परत आली. पाद्र्याने कुणाला काही सांगितले नव्हते, पण त्याच्या घरी काम करणाऱ्या बाईला दोन कान होते. प्रार्थनाघरात हुल्डाच्या बाकावर जागा जरा मोकळी होऊ लागली. मग एकेक करून दोघी-तिघी जणी येऊन हळूच सांगून गेल्या की रागाच्या भरात त्यांच्याही हातून पोरांवर असेच काही झाले होते, कुणाच्या हातून पळीने, कुणाच्या हातून बूट फेकून. हुल्डाने त्यांचे ऐकून घेतले. त्यांना काय सांगणार?

वर्षाने युद्ध संपले. खरी कॉफी मिळू लागली, आणि नोव्हेंबरात डुक्कर मारायचा दिवस आला.

एव्हर्त मदतीला यायला कबूल झाला, कारण त्याच्याइतके घट्ट डुक्कर धरणारे दुसरे कुणी नव्हते. दरवर्षी रक्त ढवळायला यायची ती शेजारीण कंबर धरून अंथरुणावर पडली होती, आणि हुल्डाची बोटे आता थंडीत नीट वळत नव्हती. तरी तिने एव्हर्तला दोनदा निरोप दिला की टीराला आणू नकोस, मी करीन. टीराला पाचवा महिना होता. हे हुल्डाला टीराने सांगितले नव्हते, दुकानात कळले होते.

सकाळी गवतावर पांढरे दव गोठलेले होते. खाटीक सुरीला धार लावत होता, एव्हर्त दोर सोडवत होता. फाटकातून टीरा आली. डोक्याला रुमाल, एव्हर्तचा जुना कोट, आणि कोटाची खालची दोन बटणे लागत नव्हती. ती भरली होती, गालांवर रंग होता. आपली मुलगी सुंदर आहे हे हुल्डाला तेहतीस वर्षांत पहिल्यांदा दिसले.

"तुला नको सांगितलं होतं," हुल्डा म्हणाली.

"एव्हर्त म्हणाला तुझी बोटं वळत नाहीत." टीराने परात उचलली, मीठ टाकलेले होते ते बघितले. बर्चच्या काटक्यांची जुडी घेतली. मग जरा थांबून, आईकडे न बघता म्हणाली, "राग जात नाही माझा. एव्हर्तला म्हटलं, जाणारही नाही. पण मी झोपते, आई. रोज शांत झोपते. माझ्या पोटात असलेल्याला काही होणार नाही, हे मला माहीत आहे. ते तू उशिरा का होईना सांगितलंस. म्हणून आले."

हुल्डाला रडू येईल असे वाटले, आणि त्याच वेळी खाटकाने डुक्कर बाहेर ओढले. डुकराने किंकाळी फोडली. टीरा परात घेऊन पुढे सरकली, आपल्याच नादात, सरळ त्याच्याकडे बघत.

"दे इकडे," हुल्डा म्हणाली.

"अगं, मी ढवळते. तू बस."

"टीरा, घरात जा."

"काही होत नाही मला. गोळ्या घेते मी."

खाटकाने सुरी उचलली होती. हुल्डाला मागचे पाय दिसले. पुढे काय झाले ते तिला स्वतःलाही नीट सांगता आले नसते. तिने टीराच्या हातातून परात हिसकली, टीरा सोडेना, आणि हुल्डाचा दुसरा हात वर गेला, काटक्यांच्या जुडीसाठी किंवा टीराचे डोळे झाकण्यासाठी. "आत जा म्हणते ना!" ती ओरडली. असा आवाज तिने आयुष्यात कधी काढला नव्हता.

टीराने परात सोडली. ती दोन पावले मागे गेली, आणि तिचे दोन्ही हात पोटावर गेले. ती डुकराकडे बघत नव्हती. ती आईच्या वर गेलेल्या हाताकडे बघत होती.

मग ती वळली आणि भराभर घरात गेली. डुकराचे तोंड धरून ठेवलेल्या एव्हर्तनेही सगळे बघितले होते. त्याने खाटकाला थांब म्हटले नाही, फक्त मान दुसरीकडे वळवली.

रक्त आले. हुल्डा गुडघ्यांवर बसून ढवळू लागली. बोटे वळत नव्हती, म्हणून तिने जुडी दोन्ही तळहातांत धरली. थोड्या वेळाने एव्हर्त हात धुवायला घरात गेला, आणि स्वयंपाकघराच्या अर्धवट उघड्या खिडकीतून टीराचा आवाज बाहेर आला. आवाज शांत होता, ठरवून बोलल्यासारखा.

"बाळ तिच्या हातात द्यायचं नाही, एव्हर्त. एकदासुद्धा नाही. मला वचन दे."

एव्हर्त काय म्हणाला ते ऐकू आले नाही. बहुतेक त्याने वचन दिले असेल, तो भला माणूस होता. टीराने कापाकापी पाहिली नव्हती, ती वेळेवर आत गेली होती, एवढे हुल्डाने मनात पुन्हा एकदा तपासून घेतले. तिच्या नाकावरून पाणी ओघळत होते आणि पुसायला हात मोकळा नव्हता. रक्त अजून कोमट होते, आणि ते थंड होईपर्यंत थांबता येत नाही, म्हणून ती ढवळत राहिली.